गुळगुळीत साकव

ज्या कोणी जगात पहिल्यांदा एखाद्या सुताराला सांगितलं, ‘आत काय असेल ते असू दे, वरून तेवढं गुळगुळीत करून टाका,’ त्याला अजून कोणी जाब विचारलेला नाही. विचारायला हवा होता. चोर फार तर एका घरातलं नेतो. या माणसाने सगळ्याच माणसांच्या डोळ्यांना अशी खोड लावून ठेवली, की त्यांना लाकडात लाकूड दिसेनासं झालं आणि नुसती चमक दिसायला लागली. त्याला आता शोधून उपयोग नाही. त्याच्यापायी एका गावाचं काय झालं, तेवढं ऐका.

हे गाव नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं होतं. अलीकडे एक वाडी, पलीकडे एक वाडी आणि मधे खडकांनी भरलेलं पात्र. खडकांमुळे होडी चालायची नाही. पोहून जावं तर पाण्याला ओढ फार. वरच्या अंगाला नदी पायी ओलांडता येईल असा एक उतार होता, पण तिथून वळसा घालून पलीकडे पोचायला दीड दिवसाची पायपीट. म्हणून गावाने साकव बांधला होता, म्हणजे लाकडी पूल. रुंदी एवढीच, की समोरून कोणी आलं तर एकाने अंग चोरावं.

हा साकव बारा महिने उभा नसायचा. पावसाळ्याआधी लोक तो उतरवायचे, सुटा करायचे आणि टेकडीवरच्या मांगरात, म्हणजे खोपटात, रचून ठेवायचे, नाहीतर पहिल्याच पुराने तो समुद्राला नेऊन दिला असता. पाऊस सरून पाणी उतरलं की पुन्हा जोडायचा. दर वर्षी सोडायचा आणि दर वर्षी जोडायचा, म्हणून त्यात एकही खिळा नव्हता. अठरा खांब, दोन-दोन खांबांना धरून ठेवणाऱ्या नऊ आडव्या तुळया, आणि त्यांच्यावर फळ्या. तुळईच्या टोकाला कोरलेलं कुसू खांबाच्या खाचेत जायचं, वरून एक लाकडी खुंटी ठोकायची, की सांधा पक्का.

हे सगळं हाताने कोरलेलं. हाताने कोरलेल्या दोन खाचा कधी सारख्या नसतात. एक तांदळाच्या दाण्याएवढी रुंद, दुसरी केसभर तिरकी. त्यामुळे ज्या टोकाची जी खाच, तिच्यातच ते जाणार. साकव बांधला होता सुताराच्या आज्याने. त्याने प्रत्येक खांबावर आणि तुळईवर पटाशीने जोडीच्या खुणा केल्या होत्या. एक रेघ, दोन रेघा, फुली, कावळ्याचा पाय, भाताची लोंबी, अशा अठरा. खांबावर फुली दिसली की फुलीचं टोक शोधायचं आणि ठोकायचं. दोन दिवसांत साकव उभा.

सुतार हाताचा उत्तम होता. सकाळी उठून तो रंध्याचं पातं दगडावर लावायचा, मनगटावरचे केस त्याने अलगद उतरेपर्यंत. मग रंधा फळीवर ठेवून असा काही ढकलायचा, की कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ ढलपी अखंड सुटून त्याच्या पायांवर पडायची. ती पडतानाचा सर्र आवाज ऐकला की त्याला न्याहारीची आठवण राहायची नाही. सुतारीण म्हणायची, “लाकडाशी जेवढं गुलूगुलू बोलता, त्याच्या निम्मं घरात बोललात तर मी नवस फेडीन.”

त्याच्या मनात एक सल होता. तीस वर्षं तो साकव जोडत होता, आणि तीस वर्षांत गावाने त्याला एकच प्रश्न विचारला होता.

“मेस्त्री, साकव कधी?”

देवळात भेटले तरी हेच. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले तरी हेच. एका वर्षी त्याला ताप भरला, तेव्हा लोक बघायला आले, कपाळावर हात ठेवला, ‘बराच आहे की’ म्हणाले आणि मग दारातून वळून विचारते झाले, “मग साकव कधी?” कोणी एकदाही वाकून सांधा बघितला नव्हता. कोणी म्हटलं नव्हतं, की मेस्त्री, हे टोक काय बसलंय. सुताराला याचा वैताग यायचा. वैताग बोलून दाखवला की लोक हसायचे, त्याचा आणखी वैताग यायचा.

त्या वर्षी तर घरातूनही तोच प्रश्न सुरू झाला. त्याची एकुलती एक मुलगी शेवंता पलीकडच्या वाडीत दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणजे ते माहेरीच व्हायचं. पण सातव्या महिन्यात आणायची तर पाऊस आडवा आला, आणि आता दीड दिवसाचा वळसा चालण्यासारखी ती राहिली नव्हती. जावयाने नदीपलीकडून ओरडून कळवलं होतं, की साकव झाला की त्याच दिवशी हिला आणून सोडतो. सुईणीच्या मते अजून वीस दिवस होते.

“साकव कधी?” सुतारीण म्हणाली.

“तूसुद्धा?”

“मी नाही. तुमची लेक विचारते आहे.”

त्याच दुपारी गावचा कारभारी मांगरात आला. कारभारी म्हणजे हातात छत्री आणि मनात घाई. तो म्हणाला, “मेस्त्री, बाराव्या दिवशी सुभेदार येतायत. पलीकडच्या देवळात जाणार, म्हणजे साकवावरून जाणार. हा असला काळा, बुरसटलेला साकव बघून ते काय म्हणतील?”

“पार झालो म्हणतील,” सुतार म्हणाला.

“थट्टा नको. जरा चकचकीत करा. गावाची शोभा आहे.”

“साकव घासून धुतात, कारभारी. त्याला रंधा नाही मारत.”

“एक फळी मारून तर बघा. मग सांगा.”

कारभारी गेला. सुतार खूप वेळ चरफडत बसला. शोभा म्हणे. तीस वर्षं ह्यांच्या पायाखाली शोभा नव्हती, आता सुभेदारासाठी पाहिजे. असं पुटपुटत त्याने एक फळी ओढली, केवळ कारभाऱ्याला खोटं पाडायला, आणि तिच्यावर रंधा ठेवला.

पहिली ढलपी काळी निघाली. दुसरी करडी. तिसरीला आतून फणसाचं लाकूड उघडं पडलं, हळदीसारखं पिवळंधमक, आणि त्यातून मधासारख्या रेघा वाहत गेल्या. मांगरभर गोड वास सुटला. सुताराचा हात थांबेना. तेवढ्यात बाहेरून भिवा चालला होता. भिवा हा गावातला हसरा माणूस, साकवाच्या कामात दर वर्षी खांब धरायला असायचा. तो दारात थबकला.

“मेस्त्री, हे आपल्या साकवाचं लाकूड?”

“मग काय माझ्या सासऱ्याचं?”

“वा,” भिवा म्हणाला. “वा, मेस्त्री.”

तीस वर्षांत पहिला ‘वा’. बघता बघता भिवाने चार जणांना बोलावून आणलं, त्या चौघांनी आणखी आठ जणांना. लोक फळीवरून हात फिरवू लागले. एक म्हातारी गाल टेकवून म्हणाली, रेशीम आहे हो. साकव कधी, हे त्या दिवशी कोणीच विचारलं नाही. सुताराने दुसरी फळी घेतली. मग तिसरी. आठ दिवस त्याने दुसरं काही केलं नाही. फळ्या संपल्यावर तुळया घेतल्या, तुळया संपल्यावर खांब.

टोकांशी आल्यावर तो थांबला होता, नाही असं नाही. तिथे आज्याच्या खुणा होत्या. वर्षानुवर्षांच्या पाण्याने झिजून उथळ झालेल्या, आणि काळ्याशार. बाकी सगळी तुळई सोन्यासारखी आणि टोकाला हा डाग. त्याने मनाशी म्हटलं, तीस वर्षं जोडतोय, कुठलं कुठे जातं हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि दोन हात मारले. कावळ्याचा पाय ढलपीवर चढून जमिनीवर पडला. मग बाकीचे सतरा.

खरी गोष्ट अशी होती, की तीस वर्षं तो खुणा वाचत आला होता. आठवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

नवव्या दिवशी सगळा गाव काठावर जमला. पलीकडे जावई येऊन उभा राहिला. शेवंताही दूरच्या वडाखाली बसलेली दिसत होती. भिवा आणि आणखी तिघे कमरेएवढ्या पाण्यात उतरले, खांब रोवले आणि पहिली तुळई उचलली. सुताराने टोक खाचेला लावून वरून लाकडी मोगरी मारली. टोक बोटभर आत गेलं आणि अडलं. दुसरी तुळई आणली. ती गेली, पण शेजाऱ्याच्या घरात शिरावी तशी, नुसती लटकत. तिसरीचं एक टोक बसलं, दुसरं खांबाला तोंडसुद्धा लावेना. सुतार एकदा खांबाकडे बघे, एकदा तुळईकडे. सगळीकडे सारखंच पिवळं, सारखंच गुळगुळीत.

“मेस्त्री,” भिवा पाण्यातून म्हणाला, “घाई नाही. पण माझे पाय आता माशांच्या ओळखीचे झालेत.”

लोक हसले. सुतार हसला नाही. दुपार झाली तरी एक जोडी धड बसली नव्हती, आणि काय घडलंय ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

कारभारी छत्री मिटून पुढे आला. “यात रडण्यासारखं काय आहे? जे टोक जात नाही ते तासा. जे सैल आहे तिथे पाचर मारा. फटीत डिंक आणि भुसा भरा, वरून रंधा फिरवा. कोणाच्या बापाला कळणार नाही.”

सुताराने वैतागून एक टोक पुढ्यात घेतलं आणि पटाशीने दोन बाजूंनी तासलं. टोक खाचेत सहज गेलं. काठावरून टाळ्या पडल्या. पलीकडून जावयाने पटका हलवला. सुताराने तुळई धरून जरा हलवली. ती आत खुळखुळली, बारीकशी, पडू घातलेल्या दातासारखी. कोणाला दिसली नाही, पण त्याच्या हाताला कळली. आत्ता पाचर मारली तर ती मुकाट्याने गप्प बसणार, हेही कळलं.

त्याने तुळई ओढून बाहेर काढली.

“भिवा, वर ये. खांब काढा सगळे. काठावर आडवे घाला.”

“म्हणजे?” कारभारी म्हणाला.

“म्हणजे प्रत्येक टोक प्रत्येक खाचेत घालून बघायचं. ज्याचं त्याला मिळेपर्यंत.”

“किती दिवस?”

“चार. पाच.”

“तिसऱ्या दिवशी सुभेदार येतायत.”

“मग त्यांना सांगा, येताना होडी आणा.”

कारभारी पाय आपटत गेला. पण सुतारीण तिथेच उभी होती, आणि तिला असं उत्तर देता येण्यासारखं नव्हतं.

“मला एवढंच सांगा,” ती म्हणाली. “पाचर मारून साकव आठ दिवस टिकेल की नाही?”

“टिकेल.”

“मग मारा. आज मारा. उद्या शेवंता घरी येऊ दे. मग खुशाल सोडवा आणि वर्षभर जुळवत बसा.”

“तासलेलं लाकूड परत चिकटत नाही. आज अठरा टोकं तासली, की पुढच्या वर्षी सगळी ढिली. मग आणखी पाचरा. दर वर्षी आणखी. मग एखाद्या दिवशी कोणीतरी मधोमध असेल, डोक्यावर ओझं घेऊन.”

“ते कोणीतरी आहे. ही तुमची मुलगी आहे.”

सुताराने हातातली पटाशी खाली ठेवली. तो म्हणाला, “कारभाऱ्याने चकाकी मागितली होती. खुणा पुसायला कोणी सांगितलं नव्हतं. त्या मी घालवल्या, लोक वा म्हणत होते म्हणून.”

“मग बसा आता,” सुतारीण म्हणाली आणि घरी गेली.

तो बसला. टोकाला गेरूचा हात लावायचा, खाचेत सारायचं, बाहेर काढून गेरू कुठे खरडला गेलाय ते बघायचं, आणि नाही जमलं तर टोक पुसून पुढच्या खाचेकडे जायचं. एकेक तुळई दोन माणसांना उचलणारी. भिवा आणि त्याचे सोबती कुरकुरत उचलत होते. पहिल्या दिवशी दोन जोड्या लागल्या. लोक काठावर येऊन हळहळत होते. कोणी म्हणे, आधीच पाचरा मारायला हव्या होत्या. कोणी म्हणे, आधीच रंधा मारायला नको होता. रेशीम म्हणणारी म्हातारी म्हणाली, मला तर तेव्हाच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेरूचा खरडा बघायला सुताराने एका खाचेत बोट घातलं, आणि तसंच ठेवलं. इतक्या वर्षांत तो खुणा जुळवून टोक ठोकत आला होता, खाचेच्या आत त्याने कधी बघितलंच नव्हतं. आतली भिंत सरळ, कोपरा न् कोपरा साफ केलेला. तळाशी, जिथे टोक पोचतसुद्धा नाही, तिथेही आज्याने पटाशीचा शेवटचा हात हलका करून लाकूड तुटू दिलं नव्हतं. टोक आत शिरताना अडू नये म्हणून तोंडाची कड बारीकशी मारली होती. सुताराने दुसरी खाच बघितली. तीही तशीच. अठराच्या अठरा. तिथे बघायला कोणी येणार नव्हतं. सुभेदार तर नाहीच, पण मुलगा, नातू, कोणीच नाही. सांधा ठोकला की ते सगळं अंधारात जाणार होतं. तरी त्या म्हाताऱ्याने तिथे दिवसचे दिवस घालवले होते, आणि कंटाळून केलेलं काम असं होत नाही, हे सुताराला कोणी सांगायची गरज नव्हती. आज्याला तिथे मजा आली होती. बस, एवढंच.

सुताराला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी काम गोडही वाटायला लागलं. त्या दिवशी पाच जोड्या लागल्या.

तिसऱ्या दिवशी सुभेदार आले. साकवाच्या जागी काठावर पसरलेली पिवळी लाकडं, आणि त्यांत एक माणूस गेरूने लालभडक झालेला.

“पूल कुठे आहे?” सुभेदारांनी विचारलं.

“चमकवायला काढलाय, सरकार,” कारभारी म्हणाला.

“उभा असता तर न चमकलेलाही चालला असता,” सुभेदार म्हणाले आणि घोडा वरच्या उताराकडे वळवला. कारभारी छत्री उघडून त्यांच्यामागे पळाला.

पाचव्या दिवशी दुपारपर्यंत सतरा जोड्या लागल्या, आणि जुळलेले खांब तुळयांसकट पाण्यात उभेही राहिले. उरलं एक टोक आणि एक खाच. भिवा म्हणाला, “मेस्त्री, आता तर आंधळाही सांगेल.” कोणीतरी पलीकडे ओरडून निरोप दिला, संध्याकाळपर्यंत साकव उभा राहतोय. सुतारीण त्या भांडणानंतर आज पहिल्यांदा काठावर आली होती.

सुताराने टोक हातात घेतलं आणि त्याचा हात खाली आला. ते त्याने तासलेलं टोक होतं. सगळा गाव काठावर जमला होता त्या दिवशी, पटाशीने दोन बाजूंनी. खाचेत घातलं तर आत खुळखुळलं. न तासता ते आपल्या खाचेत आपोआप गेलं असतं, आणि साकव आज उभा राहिला असता.

“काय झालं?” सुतारीण म्हणाली.

“हे मी बिघडवलं. नवीन तुळई करावी लागेल.”

“किती?”

“दोन दिवस.”

ती वळली आणि घराकडे चालू लागली.

मांगरात फणसाचा एक जुना ओंडका होता. सुताराने त्यावर सूत मारलं आणि वाकस, म्हणजे लाकूड तासायची आडव्या पात्याची कुऱ्हाड, चालवायला घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुसू कोरून होत असताना नदीपलीकडून हाका आल्या. वडाखाली बायका जमल्या होत्या. शेवंताची सासू पाण्याच्या कडेपर्यंत आली, आणि तिने कापडात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं.

“मुलगी,” ती ओरडली. “दोघी बऱ्या आहेत.”

सुतारीण अलीकडच्या काठावर उभी राहून त्या एवढ्याशा गाठोड्याकडे बघत राहिली. तोंड दिसत नव्हतं. एवढ्या लांबून काय दिसणार? माहेरी होणारं बाळंतपण सासरी झालं होतं, आईचा हात पाठीवर नसताना. तिने डोळ्यांना पदर लावला. मग मांगरात आली आणि तुळईचं दुसरं टोक धरून म्हणाली, “कोरा. मी धरते. आणि हे टोक तरी नीट कोरा.”

त्याने नीट कोरलं. खाचेत गेल्यावर कोणालाच दिसणार नाही तिथेही नीट कोरलं. टोक आत गेलं तेव्हा मोगरीचा आवाज बदलला, पोकळ होता तो भरीव झाला, आणि भिवा पाण्यातून म्हणाला, “बसलं.” सातव्या दिवशी संध्याकाळी साकव उभा होता, आणि दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच सुतारीण डिंकाचे लाडू घेऊन निघाली. आठव्या पावलाला ती घसरली आणि मटकन खाली बसली, लाडू ओल्या फळीवर घरंगळले.

रात्रीचं दव पडलं होतं. आज्याने फळ्यांना मुद्दाम वाकसाचे टवके ठेवले होते, पाय धरायला, आणि ते टवके नातवाने आठ दिवस खपून रेशीम केले होते.

“चकचकीत आहे हो,” ती बसल्या जागेवरून म्हणाली. “कारभाऱ्याला सांगा, लाडूसुद्धा चकचकीत झाले.”

आणि ती तशीच, एकेक फळी बसत सरकत, पलीकडे गेली. नातीला बघायला जाणाऱ्या बाईला कोण अडवणार?

सुताराने वाकस घेतला. सगळा गाव ज्या फळ्यांना वा म्हणाला होता, त्यांच्यावर तो वाकून बसला आणि वीत-वीत अंतरावर टवके पाडत गेला. ‘अरेरे’ म्हणणारे पुष्कळ जमले. त्याने मान वर केली नाही. फळ्या झाल्यावर पटाशी घेऊन त्याने प्रत्येक सांध्यावर खुणा केल्या, आज्याच्या होत्या त्याहून खोल, आणि नव्या तुळईच्या टोकावर एक नवीच खूण. शेवटची ढलपी उडाली तेव्हा त्याला कळलं, की आज दिवसभरात कोणी वा म्हटलेलं नाही, आणि हे त्याच्या आत्ताच लक्षात येतंय.

शेवंता सव्वा महिन्याने तान्हीला घेऊन साकवावरून चालत माहेरी आली. तोवर ऊन-वाऱ्याने पिवळा रंग उतरून लाकूड करडं व्हायला लागलं होतं. पुढच्या वर्षी खुणा बघून साकव दोन दिवसांत उभा राहिला. त्याच्या पुढच्या वर्षीही. लोक पुन्हा पूर्वीसारखं विचारू लागले, साकव कधी, आणि सुतार पूर्वीसारखा वैतागू लागला, मात्र आता त्यात फारसा जीव नसायचा.

गोष्ट ऐकून तात्पर्य विचारणारे असतातच. त्यांच्यासाठी गावातले लोक एका कोळणीचं नाव सांगतात. ही बाई रोज सकाळी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन अलीकडून पलीकडे जायची. एकदा कारभाऱ्याने तिला साकवाच्या तोंडाशीच गाठलं. त्याच्या मनातून ती सोनेरी झळाळी काही गेली नव्हती.

“काय गं पारूबाय,” तो म्हणाला, “तू रोजची जाणारी. खरं सांग. तो पिवळाधमक साकव छान दिसत होता की हा काळा?”

पारूबाय न थांबता म्हणाली, “मला काय विचारता, कारभारी? माझ्या डोक्यावर पाटी असते, मी पलीकडच्या काठाकडे बघत चालते. हा साकव कसा दिसतो ते मी अजून बघितलेलं नाही. बघत बघत पाय टाकावा लागला असता, तर पलीकडे मासे विकायला मी गेलेच नसते.”